आईच्या अंगातली किरणं

बुवापाडा, अंबरनाथ
१२ जानेवारी १९८७

सौ. बकुळाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

शनिवारी आईला परळच्या इस्पितळात नेलं. हाताच्या शिरेत किरणं सोडणारं औषध टोचलं, दोन तास बाकावर बसवलं, मग डोक्याशी यंत्र लावलं. गाठ असते तिथे ते औषध साचतं म्हणे. फोटोत उजव्या कानाच्या वर डाग आला. ऑपरेशन २ फेब्रुवारीला.

निघताना तिथल्या माणसाने बजावलं, हिच्या अंगातून किरणं निघतात, पोटुशी बाई जवळ नको. तो अजून काही सांगत होता, पण त्याच दुपारी वेणूला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी थांबलो नाही. आईला घरी सोडून मी तसाच बदलापूरला, मांजर्लीत गेलो. त्यांच्या दाराशी परक्या चपला होत्या. परत आलो.

तुला सहावा महिना. येऊ नकोस.
दाजींना जयभीम. माया आहे तशी राहू दे.
जयदेव

भुसावळ
१८ जानेवारी

चि. जयदेव यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. जिच्यापायी कॉलेज सोडलंस तीच चालली का रे? तिथे तमाशा नाही ना केलास?

हे रजा काढून मला पोचवतो म्हणतात. मी आत येणार नाही, दारातून बघेन. ऑपरेशननंतर आई कशी असेल, कोण सांगणार? किरणांचं नीट विचारलंस ना? पुन्हा विचारून ये.

माझ्यावर चिडू नकोस. आईला जप.
तुझी ताई

बुवापाडा
२३ जानेवारी

ताई, जयभीम.

मी बहिरा नाही. आलीस तर दाजींसमोर कडी लावून घेईन. बाळाला काही झालं तर कोणाला धरू?

आई रोज विचारते, बकुळा रागावली का. मी सांगतो, दाजींना रजा नाही.

वेणूचं ठरलं. मला काही वाटत नाही.
राग धरू नकोस.
जयदेव

बुवापाडा
१९ फेब्रुवारी

ताईस जयभीम.

गाठ निघाली हे तारेने कळवलंच. काल आईला दाखवायला परळला नेलं. तोच माणूस पायरीवर चहा पीत होता. विचारलं, बहिणीला अजून किती महिने लांब ठेवू? तो म्हणाला, "अरे, एकच दिवस. दुसऱ्या दिवशी अंगात उरतं काय? तेच सांगत होतो, तर तू पळालास."

मी भांडलो नाही. आईला हाताला धरून घरी आणलं.

आई जेवते, बसते. बोलत नाही. तुझं नाव घेतलं की माझ्याकडे बघते, फिरत्या पंख्याकडे बघते तशीच.

आता ये. ती तुला ओळखणार नाही, हे आधीच लिहितो. लोभ मागायला तोंड नाही. शिव्या देणार असलीस तर इथे येऊन दे, पत्रात नको.
जयदेव