लवूमामांनी बनवलेला ए-लिस्ट स्टार

नाहूर, रविवार

तीर्थस्वरूप लवूमामा यांस,

भाचा सिद्धेश याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे आज सकाळपर्यंत खुशाल होतो. (फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून अख्ख्या वाडीला ऐकवता.)

मामा, श्रुतिकाच्या लग्नाची बोलणी करताना आपला भाचा ए-लिस्ट स्टार आहे, हे मुलाच्या वडिलांना सांगायची काय गरज होती? मी काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. हिरोसाठी लाइट लावून होईपर्यंत त्याच्या जागी मी उभा राहतो. हिरो आला की बाजूला होतो. आज ते काका श्रुतिकाला घेऊन गोरेगावला थेट सेटवर हजर! बहिणीचं ठरलेलं लग्न माझ्यापायी मोडलं तर आईला काय तोंड दाखवू? त्यात त्यांनी आल्या आल्या विचारलं, ए-लिस्ट म्हणजे नेमकं काय हो? मी घाम पुसत जे खरं ते सांगितलं, की शब्द हॉलिवूडचा, तिथे एका पत्रकाराने नटांना चक्क गुण देऊन श्रेण्या लावल्या, आणि ज्याच्या नुसत्या नावावर पिक्चर उभा राहतो तो ए. (चेहरा ओळखीचा असून भागत नाही.) ते माझ्याकडे आदराने बघू लागले, तशी माझी आणखीनच वाट लागली.

तेवढ्यात मला उभं केलं. लाइट माझ्यावर, कॅमेरा माझ्यावर, एक जण माझ्या नाकापर्यंत फीत धरून अंतर मोजतोय. काका खूश! मी मनात देवाला विनवत होतो, आज हिरोची गाडी पवईलाच अडकू दे. (हा बाबा रोज उशिरा येतो, आज नेमका वेळेवर आला.) असिस्टंट ओरडला, "सिद्धेश, हट ना यार!" मी हटलो. हिरो माझ्या जागी उभा राहिला आणि मी काकांच्या शेजारी. चहा आला, तो त्यांच्या हातातच गार झाला. शेवटी श्रुतिकाच बोलली, की काका, बाबा गेल्यापासून दादा असाच उभा आहे, म्हणून मी शिकले, म्हणून आमचं घर चाललंय. तुमच्या अनिरुद्धला हे मी पहिल्याच भेटीत सांगितलंय. मामा, मला तिथेच रडू आलं. काका कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे अख्खं घर याच्या नावावर उभं आहे. मामा खोटं नाही बोलले." लग्न ठरल्या तारखेलाच आहे.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
सिद्धेश

ता. क. पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. जत्रेच्या बॅनरवर उद्घाटक म्हणून तुम्ही माझा फोटो लावलाय म्हणे. तो कृपा करून उतरवा.

ता. क. २. आई म्हणते, उतरवला तर गावात तुमचं नाक कापलं जाईल. बरं, येतो. पण स्टार म्हटल्यावर उशिरा येणार. तोवर स्टेजवर माझ्या जागी तुम्ही उभे राहा, लाइट नीट लावून घ्या, आणि मी आलो की निमूट बाजूला व्हा. (गुडघ्याला तेल चोळून या. नुसतं उभं राहणं वाटतं तितकं सोपं नसतं.)