आधी माझ्याच घराला

बुधवार, संध्याकाळ

अजून राग उतरलेला नाही. मांजरी गावातल्या आमच्या बुद्धविहाराच्या नव्या सभागृहासाठी एका पाडलेल्या गोदामाचे लोखंडी गर्डर वापरायचे, असं मी आज समितीपुढे मांडलं. वाकलेले बाजूला काढलेत, बाकीचे लॅबमध्ये तपासून घेतलेत. इंजिनिअर मी, सही माझी.

ठेकेदार हसला. "मॅडम, याला भंगार म्हणतात."

त्याचं काही वाटलं नाही. पण समितीचे अध्यक्ष गायकवाडकाका शांतपणे म्हणाले, "आपल्या वाट्याला कायम दुसऱ्यांनी टाकलेलंच का यावं, मॅडम?"

दुसऱ्यांनी टाकलेलं. मीही याच वस्तीतली, शाळेत दुसऱ्यांचे जुने गणवेश घातलेली. त्यांना लॅबचा कागद काय दाखवणार? तो हातातच राहिला.

मग तोंडातून निघून गेलं, "काका, यातले चार गर्डर आधी माझ्या घराला लावते. वरच्या मजल्याचं छत व्हायचंय. त्याखाली मी झोपेन. येऊन बघा, मग ठरवा."

काकांनी विचारलं, "खरंच लावशील, पोरी?"

"लावते."

घरी नवरा म्हणाला, "मला विचारायचंस तरी!" बरोबर आहे त्याचं. विचारायला हवं होतं. हा हट्ट आहे का? असेल. पण टाकलेलं म्हणजे टाकाऊ, हे मी ऐकून घेणार नाही. माघारही घेणार नाही.

आत्ताच गर्डर उचलायला ट्रकवाल्याला फोन केला. त्यानं विचारलं, "ताई, भंगारवाल्याकडे टाकायचं ना?"

म्हटलं, "नाही. माझ्या घरी."