एका भागाचे बावीस तास

६ जानेवारी, सोमवार

पॉडकास्टचा दोनशे बारावा भाग आज सकाळी गेला. लांबी अडतीस मिनिटं. माझे तास बावीस. या वेळी मुद्दाम घड्याळ लावून मोजले.

बावीस तासांत काय केलं? जागृतीच्या बोलण्यातले श्वास कापले. ‘म्हणजे’, ‘ॲक्चुअली’, ‘अं’ – दोनशे चाळीस. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्या. मग व्हिडिओ, मग त्याचे छोटे तुकडे, मग फोटो, मग कमेंटना उत्तरं. जागृती बोलते, मी उरलेलं सगळं. चार वर्षं.

कानात अजून तिचाच आवाज. भाजी चिरतानाही.

७ जानेवारी

मान धरलीय. संदेश ऑफिसला निघताना म्हणाला, “बंद कर ना मग. नवऱ्याचं नको, मानेचं तरी ऐक.”

त्याला सोपं वाटतं. जागृती लग्न मोडून कळव्याला आईकडे आलेली, त्याच महिन्यात आम्ही हा पॉडकास्ट सुरू केला. तिच्यासाठीच. कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. माझीही स्टुडिओतली नोकरी नुकतीच गेलेली, हातात वेळ होता. म्हटलं, तू छान बोलतेस, आपण वयस्कर बायकांकडून त्यांच्या कामाच्या गोष्टी काढून घेऊ. ‘सांग ना मावशी’ हे नावही मीच दिलं.

दोनशेव्या भागात ती म्हणाली, “हाच आता माझा संसार.” ते वाक्य मीच एडिट केलं. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू, की मला नको झालंय?

१२ जानेवारी, रविवार

बंद करता येत नाही, तर निदान सोपं करू. जागृतीला घरी बोलावलं, पोहे केले, वही काढली.

“योगी, तू म्हणशील तसं,” ती म्हणाली. नेहमी हेच म्हणते.

महिन्याचे चारही भाग एकाच रविवारी रेकॉर्ड करायचे. पाहुण्या बाईंना आदल्या दिवशीच फोन, म्हणजे माइकसमोर लाजण्यात अर्धा तास जाणार नाही. व्हिडिओ बंद. आणि एक ॲप घ्यायचं – बोललेलं सगळं आपोआप लिहून देतं. पडद्यावरची ओळ खोडली की आवाजातलं वाक्यही जातं. मला सगळं पुन्हा पुन्हा ऐकत बसायला नको.

“आणि माझे ‘अं’?” तिने विचारलं.

“राहू देत.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बाई विचार करून बोलते.”

बऱ्याच दिवसांनी दोघी हसलो.

२६ जानेवारी, रविवार

मूर्खपणा. पहिल्या रेकॉर्डिंगला मी नेमका हा दिवस निवडला! सकाळी आठपासून सोसायटीच्या आवारात स्पीकर. अख्ख्या ठाकुर्लीची देशभक्ती माझ्या माइकमध्ये. साडेबाराला शांत झालं. बेडरूममध्ये गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, घामाच्या धारांत सहापर्यंत तीन भाग केले. चौथ्या बाई वाट बघून निघून गेल्या. बरोबरच आहे त्यांचं.

तरी तीन.

४ फेब्रुवारी

नऊ तास! बावीसचे नऊ. एकाही माणसाने ‘अं’ची तक्रार केली नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी दोनला काम संपलं. मान दुखत नाही. चहा केला, खिडकीत बसले, आणि रडू आलं.

इतके दिवस वाटायचं, थकवा गेला की आवडायला लागेल. थकवा गेला. आवडत नाही ते नाहीच. आधी निदान मानेवर ढकलता यायचं.

१४ फेब्रुवारी

जागृतीचा फोन. “योगी, आता वेळ वाचतोय तर आठवड्याला दोन भाग करूया का? तुलाही हातात काम राहील.”

मी हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी

ठाण्याला जाऊन आले. जुन्या स्टुडिओतल्या कुणीतरी माझं नाव सुचवलेलं. कोलशेत रोडवर एक छोटी संस्था आहे. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. त्यांना आवाजाचं काम बघणारं पूर्ण वेळ माणूस हवंय.

तिथल्या अमृता मॅडम, त्यांना स्वतःला दिसत नाही. दुप्पट वेगाने सातवीचा भूगोल ऐकत होत्या. एका जागी थांबवलं. “इथे वाचणाऱ्याने पान उलटलंय. मुलांचं लक्ष जाईल.” मला तो आवाज आलाच नव्हता. त्यांनी तीनदा वाजवून दाखवला, तेव्हा आला. बारीक, वाळक्या पानासारखा.

चार वर्षांत मला कुणी नवीन काही ऐकायला शिकवलं नाही. त्या बाईंच्या शेजारी बसायचंय मला.

“शुक्रवारपर्यंत, अठ्ठावीसला कळवा,” म्हणाल्या. “त्यापुढे नाही थांबता येणार.”

२१ फेब्रुवारी

संदेश म्हणतो, “जागृतीला सांग सरळ.”

“ती कोलमडेल.”

“तिला विचारलंस?”

असल्या गोष्टी विचारायच्या असतात का!

२३ फेब्रुवारी, रविवार

ठरवलेलं की आज सांगायचंच. रेकॉर्डिंग झालं की लगेच.

पहिल्या पाहुण्या ठमाबाई, कोलशेत गावातल्या. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं. माइकला बोटाने टोचून म्हणाल्या, “याच्याशी बोलू? आनि यो काय बोलंल?” मग अशा रंगल्या की जागृतीला प्रश्नच विचारावे लागेनात. मिठाने पावलं कशी चिरायची, आणि रात्री नवरा त्यावर कोमट तेल कसं लावायचा – पण दिवसा चारचौघांत कधी नावानेही हाक मारायचा नाही – हे सांगून स्वतःच हसल्या.

मध्येच खालच्या घरात ड्रिल सुरू झालं. तशीच चपला न घालता धावले. मिस्त्रीची विनवणी करण्यात वीस मिनिटं गेली. वर आले तर ठमाबाईंचा हात जागृतीच्या गुडघ्यावर, आणि जागृतीचे डोळे लाल.

त्या डोळ्यांसमोर माझं तोंड उघडलं नाही. उरलेले भाग केले, तिला रिक्षात बसवलं. शुक्रवारची वाट कशाला बघायची? उद्याच अमृता मॅडमना नाही कळवून टाकते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ॲपने कालचं सगळं लिहून दिलं. मी खाली गेलेले तेव्हा रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं. ठमाबाईंच्या बोलण्यातलं अर्धं त्याला कळलेलं नाही. जागृतीचं मात्र काना-मात्रेसकट आहे –

“दमलेय हो मावशी. दोन वर्षं झाली, नको झालंय मला हे. पण योगिनीला कसं सांगू? नोकरी गेल्यापासून तिला दुसरं काही नाही. तिच्यासाठीच येते मी.”

चारदा वाचलं. मग तेवढ्या ओळी जागृतीला पाठवल्या. खाली एकच शब्द लिहिला – मलाही.