निनावी अर्ज

शुक्रवार, ता. ११ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे. तुझी बदली एकाएकी का झाली, असं सारखं विचारायची. शेवटी मी सांगितलं, बढती मिळाली. तेव्हापासून ती अख्ख्या गल्लीत सांगत सुटली आहे, माझा मुलगा मोठा साहेब झाला म्हणून. तिच्याशी बोलशील तेव्हा तेवढं सांभाळून घे.

दीड वर्षाने लिहिते आहे. फोन दोनदा उचलला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर माझी बोबडीच वळली असती.

काल कारखाना कायमचा बंद झाला. आठशे माणसं घरी. तुझ्या भाऊजींना चार दिवसांचं काम मिळालंय, तिथलीच मशीनं ट्रकवर चढवायचं. काल घरी आले, हातपाय धुतले आणि भिंतीकडे बघत बसले.

मालकांना शिव्या द्यायला माझी जीभ वळत नाही. सुरुवातीला पत्र्याच्या शेडमध्ये एका प्रेसवर स्वतः पत्रा दाबून डबे काढायचा तो माणूस. भाऊजींना कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनीच कामाला लावलं. तू प्रेसखात्याला सील ठोकलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या कामगारांना अंगणात बोलावलं होतं. म्हणाले, "नियम एकदाच काय तो सांगा, मी पाळतो. पण इथे दर सहा महिन्यांनी नवा कागद. माणसं वाढवली की नियम वाढतात. म्हणजे लोकांना काम दिलं हाच माझा गुन्हा! नदीपलीकडच्या राज्याचे अधिकारी मला जमीन देतायत. वर म्हणतायत, दोन वर्षं तुमच्या दारात आमचा निरीक्षक फिरकणार नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मला त्यांचं म्हणणं पटत होतं रे. तुझंही पटत होतं. तीच तर पंचाईत.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "तो निरीक्षक हिचाच भाऊ ना?" सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "आमचं काही नातं राहिलेलं नाही." मान वळवली तर तू फाटकाशी उभा. हातात फाइल. ऐकलंस ना? ऐकलंच असशील. मी काही हळू बोलले नव्हते.

त्या रात्री तुझ्या खिडकीवर दगड पडला, तेव्हाही मी आले नाही.

चिमणी आठवते? माझ्या शेजारच्या प्रेसवर बसायची, सतत गुणगुणायची. प्रेसचं तुला मी काय सांगायचं? दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात बाहेरच राहावेत. पण मुकादम डाव्या बटणात लाकडी पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचा. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. काम दुप्पट. एके दिवशी चिमणीच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. डॉक्टर यायच्या आत मुकादमाने पाचर उपटून खिशात घातली आणि कागदावर लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पाचर मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी सही केली. मुकादम म्हणाला होता, "नवरा-बायको दोघं इथंच आहात, विचार कर."

आठ दिवस गेले. मग छापील अक्षरं गिरवत मी तो तक्रारीचा अर्ज लिहिला आणि नाव न घालता तुझ्या कार्यालयाला पाठवला. ज्या अर्जावरून तू तपासणीला आलास, तो माझा होता, धाकट्या. लोकांनी तुला हाकललं, मी गप्प राहिले. कधीकधी वाटतं, तू अक्षर ओळखलं होतंस, म्हणूनच माझ्याकडे एकदाही चौकशीला आला नाहीस.

काल फाटकावर चिमणी भेटली. मला वाटलं, ही तरी तुझं नाव काढेल. म्हणाली, "बोटं गेली तेव्हा पगार तरी चालू होता. तुझ्या भावाचं तळपट होवो." मी "हो गं" म्हणाले. खरंच, तेवढंच म्हणाले.

तुझ्या हुकमाने प्रेसना लोखंडी जाळ्या बसवल्या, तेव्हाच सील निघालं होतं. त्यानंतर सव्वा वर्षात तिथे कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. पण कोणाकोणाचे हात वाचले, ते कोणाला दाखवता येतं? भाऊजी सांगत होते, ट्रकवर चढवताना मुकादमाने त्या सगळ्या जाळ्या काढून भंगारात टाकायला लावल्या. तिकडे लागत नाहीत म्हणे. तो मशीनांबरोबर चाललाय. नदीपलीकडे आता कोणी दुसरी बसेल माझ्या जागेवर.

यातलं मी भाऊजींना सांगितलेलं नाही, आईलाही नाही, आणि सांगणारही नाही. तुझ्या नावावरचा डाग पुसायला मला चारचौघांत उभं राहावं लागेल. तेवढी छाती माझ्यात नाही.

म्हणून, वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. तू सुटलास. आम्हाला इथेच राहायचंय.

तुझी
ताई