दामूकाकांचं पाणी

गुरुवार, संध्याकाळ. दादर

मानवजातीवर आज पुन्हा अन्याय झाला. स्टाफरूमचा पंखा बंद, आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राला एसी! यंत्र म्हणजे मी बनवलेली, कॉम्प्युटरला जोडलेली एक मूठ. ती ओढली की पडद्यावरचं वल्हं हलतं आणि पाण्याचा विरोध हाताला जाणवतो.

"सर, खरंच पाणी लागतंय ओ!" पहिल्या वर्षाची एक मुलगी म्हणाली. माझं कौतुक झालं. मी घेतलंही, निर्लज्जासारखं.

ते पाणी माझं कुठे होतं? आमचे लॅब अटेंडंट दामूकाका, कोळीवाड्यातले. गेल्या वर्षी त्यांनी मूठ धरली आणि हसले. "सर, पानी असं नसतं. जोरात ओढलं तर जाम अडवतं."

"मग काका, उद्यापासून लेक्चर तुम्हीच घ्या!" मी म्हणालो. वर्गातले सगळे हसले. काकाही.

घरी येऊन गणित तपासलं. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट व्हायला हवा. मी दुप्पटच ठेवला होता. गुपचूप सुधारलं. त्यांना सांगू सांगू म्हणेपर्यंत दिवाळीत काका वारले.

आज सगळे गेल्यावर मूठ धरून जोरात ओढली. जाम अडवलं.

मग प्रयोगाच्या पत्रकावर माझ्या नावाआधी त्यांचं नाव टाइप केलं. आडनाव कर्मचाऱ्यांच्या जुन्या हजेरीपटात शोधावं लागलं.