चाळीस मिनिटांची बॅटरी

२२ नोव्हेंबर
बाबांची शहापूरला तपासणी ५ तारखेला. मागच्या वेळी काकांच्या होडीतून धरणाचं पाणी ओलांडताना त्यांची नखं निळी पडली. पलीकडे दवाखान्याची गाडी थांबते, तिच्यात ऑक्सिजन असतो. प्रश्न पाण्यावरच्या चाळीस मिनिटांचाच. घरातला मोठा सिलिंडर होडीत चढत नाही. म्हणजे ऑक्सिजनचं मशीनच होडीत चालवायचं.
३५० वॅट. मशीनच्या मागची पट्टी तीनदा वाचली.

२४ नोव्हेंबर
किन्हवली. दुकानदाराने साधा इन्व्हर्टर पुढे केला. त्यावर मशीन गुरगुरतं, तापतं. प्युअर साइनवेव्हच हवा, म्हटलं.
"होडीत काय टीव्ही बघनार?"
बाबांचं सांगितलं. बसायला स्टूल दिलं.
लिथियम बॅटरी हलकी, पण मागवावी लागते, ५ च्या आत नाही. मग जड ट्यूब्युलरच, १०० एएच. एका फेरीला त्यातले २३, जाऊन-येऊन ४६. निम्म्याखाली उतरवली तर खराब होते. बसतं. जेमतेम.

२९ नोव्हेंबर
बॅटरी मागे ठेवली की होडी मागे बसते. मधल्या फळीखाली खोक्यात बांधली, इन्व्हर्टर शेजारी. काका म्हणाले, "नवरीला बी कोन एवढी जपून नेत नाय रे."
मशीन लावून फेरी मारली. ४१ मिनिटं. आयटीआय अर्ध्यात सोडलं, पण हिशेब बरोबर आला.

३ डिसेंबर
फ्यूज घ्यायला मुरबाडला. शेवटची एसटी चुकली. बहिणीकडे राहतोय. बॅटरी पूर्ण भरून होडीतच ठेवली आहे, उचलायला जड म्हणून.
उगाच ठेवली का?

४ डिसेंबर
परत आलो तर होडीत खोकं जागेवर नाही.
काल पाड्यातल्या शांतारामकाकाच्या मुलीची हळद. लाइट गेली, स्पीकर बंद पडला. त्यांनी खोकं काठीला लटकवून मांडवात नेलं. होडीतली दोरी, डबा, ताडपत्री सगळा पाडा विचारल्याशिवाय नेतो. मला हे माहीत नव्हतं थोडंच.
मीटर १२.२ व्होल्ट. म्हणजे निम्मी.
शांतारामकाका पिवळ्या हातांनीच आला. "तुला इचारनार व्हतो, तू नव्हतास. होडीतलं म्हनून आनलं रे."
बोलणार होतो. मागच्या वेळी बाबांना पाठीवर घेऊन चढ चढला तो हाच. खोकं त्याच्यासोबतच होडीत परत बांधलं.
लाइट अजून नाही.

५ डिसेंबर, सकाळ
लाइट नाही. १२.२ च. जाणं होईल, येणं नाही. बाबांना म्हटलं, तारीख पुढे घेऊ.
"मंग निळा झाल्यावर जाऊ काय?"
धक्क्यावर शांतारामकाका आणि तिघे, वल्ही घेऊन. कानामागे हळद तशीच. होडीवाल्या काकांना म्हणाला, "तू गप बस आज. आमी नाचलो, आमीच ओढतो."

दुपार, दवाखान्याचा बाक
२६ मिनिटं! मशीन चाललं. नखं गुलाबी. मी मीटर बघत होतो, बाबा मला.
चौघे पलीकडूनच कामावर गेले. येताना वल्ह्यावर काका एकटे, म्हणजे पुन्हा चाळीस. उरलेल्यात ते भागणार नाही.
बॅटरी पलीकडच्या धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीत चार्जिंगला. मावशी म्हणाली, "लाइट हाय तवर लावते. गेली तर मला बोलू नको."
डॉक्टर अजून आले नाहीत. बाबा विचारतात, किती भरली असेल.
मावशीला तीनदा फोन लावला. रिंग जाते, उचलत नाही.