एका गाडीला दोन ड्रायव्हर

ता. १४, सकाळ
गोदामाच्या फाटकाबाहेरची रांग

प्रिय अहो,

साष्टांग नमस्कार असं लिहिणार होते, पण साष्टांग घालायला केबिनमध्ये जागा कुठे आहे? तेव्हा नुसते हात जोडते. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल, घोरणं ऐकू येतंय.

नवरा पडद्यामागे हातभर अंतरावर झोपलाय आणि बायको त्याला पत्र लिहितेय, हे कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. पण मेसेज केला की तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता. काही गोष्टींना अंगठा चालत नाही. आपल्यापुढे बऱ्याच गाड्या आहेत आणि हमाल अजून यायचेत. माल उतरला की हे तुमच्या गॉगलखाली ठेवते आणि मागे जाऊन झोपते.

आधी बातम्या. रात्री घाट मी उतरले, खालच्या गिअरमध्ये, ब्रेक न तापवता, तुम्ही शिकवलंत तस्सा. तुमची झोप मोडली नाही यातच माझं सर्टिफिकेट आलं. मागचं डावं आतलं टायर हवा सोडतंय, बघून घ्या. आणि काल त्या अरुंद बोळात गाडी मागे घेताना वॉचमन म्हणाला, "ताई, दादांना उठवा, तुम्हाला जमायचं नाही." मी म्हटलं, "दादांना हे मीच शिकवलंय." थाप होती, पण गाडी एका दमात लागली म्हणून पचली.

घराची खबर म्हणजे शेजारच्या काकूंचा फोन आला होता. कुंड्यांना पाणी घालतायत. म्हणाल्या, "मजा आहे बाई तुझी, चोवीस तास नवऱ्याबरोबर. आम्हाला संध्याकाळपर्यंत वाट बघावी लागायची." मी "हो ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यासाठीच तर आपण ही नोकरी धरली. गाडी थांबायला नको म्हणून कंपनी एका गाडीला दोन ड्रायव्हर देते, हे कळलं तेव्हा तुम्ही नाचत घरी आलात. "दोन पगार, आणि वर दोघं बरोबर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." मीही नाचले. एक जागा असेल तेव्हा दुसरा झोपलेला असणार, एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. अकलेचे कांदे आपण दोघं.

आता मी तुम्हाला खुणांवरून ओळखते. सीट गरम असते. आरसा तुमच्या उंचीला लावलेला असतो, तो मी खाली करते, तुम्ही परत वर करता. डब्यात माझ्या वाटणीला तुम्ही जास्त ठेवता, तेही कळतं. रेडिओ लावला की तुम्ही सोडलेल्या स्टेशनवरच लागतो, पण ते गाणं तुम्हाला आवडलं होतं का, हे विचारायची सोय नाही. सासूबाई म्हणायच्या ना, दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी. तेव्हा मला वाटायचं, त्यांना काहीतरी बोलायचं असतं म्हणून बोलतात.

अजून एक सांगायचं होतं. पण आधी परवाचं.

परवा माल उतरायला वेळ लागला आणि कधी नव्हे ते आपण दोघंही जागे होतो. टपरीवर समोरासमोर बसलो. मी मुद्दाम केस नीट विंचरून आले होते. तुम्ही म्हणालात, "क्लच जरा जड लागतोय." मी म्हटलं, "हो." मग म्हणालात, "चहा बरा आहे." मी म्हटलं, "हो." आणि दोघं रस्त्याकडे बघत बसलो. मला इतकं भरून आलं की कप धुवायच्या निमित्ताने उठले. टपरीवाला म्हणाला, "ताई, कप धुवायला मी आहे की इथे."

आता सांगते. गेल्या आठवड्यात कंपनीच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही झोपला होतात. शहरातल्या दुकानांना माल पोहोचवायला दोन छोट्या गाड्या आल्यात, एक तुम्हाला, एक मला. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. रविवारी सुट्टी. पगार कमी, पण घरभाडं देऊन पोटभर जेवता येईल एवढा नक्की. उत्तर आजच द्यायचंय, नाहीतर गाड्या दुसऱ्यांना जातील.

आठवडाभर मी हे तोंडातल्या तोंडात घोळवतेय. गाडी तुमच्या हाती देताना रोज ठरवते, आणि टायरचं बोलून मागे पळते. एवढी मोठी गाडी आम्ही दोघं चालवतो, असं तुम्ही ज्याला त्याला सांगता. छोट्या गाडीवर तुमचं मन रमेल का, मला ठाऊक नाही. आणि खरं सांगू? त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. मी विचारेन आणि तुम्ही म्हणाल, "बरं चाललंय की."

मला बरं चाललेलं नकोय. मला तुम्ही हवे आहात, जागे. दिवसभर वेगवेगळ्या गाड्यांत असू, चालेल मला. संध्याकाळी तुमची वाट बघायला मला फार आवडेल.

रांग हलली. थांबते.

पडद्याच्या अलीकडून,
तुमचीच

* * *

ता. १४, दुपार व्हायच्या आत
रस्त्याच्या कडेला

अगं,

मला पत्राची सवय नाही. शाळेत रजेचा अर्ज लिहिला तेवढाच. चूकभूल पोटात घाल.

गॉगल उचलला तेव्हा वाटलं, पंपाची पावती असेल. वाचलं, घडी केली, गाडी काढली. पण लक्ष रस्त्यावर ठरेना. अशाने दोघांचाही जीव जायचा, म्हणून गाडी बाजूला घेतली. गोदामातून भरलेला परतीचा माल आज उशिरा पोहोचणार. आपल्या गाडीचं हे पहिल्यांदाच होतंय.

गाडी का थांबली म्हणून ऑफिसातून फोन आला. टायर बघतोय म्हटलं. थोड्या वेळाने साहेबांचाच आला. त्यांना सांगितलं, त्या छोट्या गाड्या आम्हाला द्या, दोन्ही. ते म्हणाले, बायकोला विचारलंत का? म्हटलं, तीच म्हणतेय.

मोठ्या गाडीची मिजास मला आहे, खोटं कशाला बोलू. सोडताना जीव खालीवर होईल. होऊ दे. भाड्याचं आणि पोटाचं बघू आपण, चार हात आहेत.

केस विंचरले होतेस ते दिसलं होतं. क्लिपही नवी होती. छान दिसत होतीस. काय बोलावं सुचेना, म्हणून क्लचवर गेलो. भीती मलाही वाटते गं. रोज संध्याकाळी समोर बसलीस तर मी काय बोलणार? माझ्याकडे चार वाक्यं आहेत, ती पहिल्याच दिवशी संपतील. मग तू बोल, मी ऐकेन. इतके दिवस तुझा आवाज धड ऐकलेला नाही.

उठवायला म्हणून पडदा सरकवला होता. हात उशाखाली घेऊन झोपली होतीस. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला उठवायचं नसतं, म्हणून परत पुढे आलो आणि हे लिहायला बसलो. पोटभर झोप. तू उठेपर्यंत गाडी हलणार नाही.

डोळे उघडलेस की हाक मार.

मी जागा आहे.

तुझाच,
अहो